फवारणीआधीची पानं

कुंदाआत्याला जाऊन महिना उलटला. फोन आला तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, शेंद्र्याच्या, कारखान्यांना लागून असलेल्या मळ्यात मोसंबीला पाणी देत होते. ते बांधावर बसले आणि एवढंच म्हणाले, "जिनं बाग राखली, तीच गेली..."

आत्या त्यांची धाकटी बहीण. आमच्या घराण्यात रसायनशास्त्र शिकलेली पहिली बाई. मुकुंदवाडीत राहायची, पानं-माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते. काही वर्षांपूर्वी आमची बाग पिवळी पडत चालली होती आणि झाडं उपटून तिथं गोदाम बांधायचं अण्णांनी पक्कं केलं होतं. आत्या म्हणाली, आधी पानांना तर विचारू. रविवारी आली, पदर खोचला आणि झाडाझाडाभोवती फिरून, चारी बाजूंनी, फळ नसलेल्या फांद्यांवरची पानं खुडली. यंदा वटपौर्णिमा लवकर आली वाटतं, म्हणून अण्णांनी तिची थट्टा केली.

तपासणीत जस्त भरपूर निघालं, कशाचीच कमी नाही. म्हणजे बाग म्हातारी झाली, असं म्हणत अण्णा उपटायला मोकळे झाले. आत्या मात्र तडक मळ्यात आली आणि तिनं एक कोवळं पान उन्हात धरून बघितलं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, पान आखूड; जस्त कमी पडल्याचीच खूण.

"दादा, मी यायच्या आधी काय फवारलं व्हतंस?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "जस्तच. तू एवढी शिकलेली, तुला अशी रोगट बाग कशी दाखवावी? पाहुणे यायचे म्हटल्यावर घर सारवतोच की माणूस."

आत्या पोट धरून हसली. मग हळूच म्हणाली, "मी पाहुणी नाय, दादा. मला न सारवलेलं दाखव."

पानांवर बसलेलं फवाऱ्याचं जस्तच तपासणीत मोजलं गेलं होतं. तिनं फवारणी थांबवली. नवी पालवी येऊन पानं पक्व झाली, तेव्हा पुन्हा खुडली. आता जस्ताची कमतरता उघडी पडली. तिच्या सांगण्याप्रमाणे उपाय केले आणि झाडं सावरली. आज कारखान्यांच्या शेजारी आमची मोसंबी हिरवीगार उभी आहे, ती माझ्या आत्यामुळं.

परवा तपासणीसाठी पानं खुडायची वेळ आली. पालवी जरा मलूल दिसली, म्हणून मी म्हणाले, अण्णा, एक फवारा मारून घेऊ या का?

अण्णांनी पंप उचलून खोलीत ठेवला, बाहेरून कडी लावली.

"कुंदीला बघू दे आधी," ते म्हणाले, आणि पहिल्या झाडाभोवती फिरू लागले...