तत्त्वज्ञानाचं गिऱ्हाईक

उपनगरातल्या कॉलेजात राजकीय तत्त्वज्ञान शिकवायचं तर आधी ते विकावं लागतं. तिसऱ्या वर्षाचे विषय निवडायची वेळ आली की हॉलमध्ये टेबलं मांडतात आणि आम्ही प्राध्यापक भाजीवाल्यांसारखे त्यांच्यामागे बसतो. पुरेशी मुलं आली नाहीत तर पेपर बंद. शेजारी मानसशास्त्राच्या टेबलापुढे झुंबड असते. माझ्याकडे मुलं येतात ती बाथरूम कुठे आहे ते विचारायला.

डॉक्टरेट केली ती न्यायाच्या संकल्पनेवर. नातेवाईक मात्र अजून विचारतात, ‘राजकारण शिकवतेस ना गं, मग यंदा कोण येणार?’ मला काय माहीत, कपाळ माझं!

टेबलावरचं माझं ठरलेलं वाक्य होतं, ‘स्पर्धा परीक्षांना फार उपयोगी.’ ते अर्धंमुर्धंही खरं नाही, पण त्याच्याच जोरावर पेपर इतकी वर्षं तगला.

यंदा प्राचार्यांनी निक्षून सांगितलं होतं, संख्या भरली नाही तर तुम्ही व्यक्तिमत्त्व विकास शिकवा. शेवटच्या दिवशी एकच नाव कमी पडत होतं. तेवढ्यात माझ्या वर्गातली मरोळची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. कायदाच चुकीचा असेल तर तो का पाळायचा, बहुमताचं ते बरोबर कशावरून, असं विचारून ती मला वर्षभर भंडावून सोडायची. तिला हाच विषय हवा होता. सही वडिलांची लागणार होती. ते साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते.

‘मॅडम, हे शिकून पुढे काय?’ त्यांनी विचारलं.

सकाळपासून तेच वाक्य बोलून माझी जीभ विटली होती. मी खरं ते सांगून टाकलं. ‘नोकरीचं काही सांगता येत नाही. प्रश्न विचारायची सवय मात्र लागते.’

ते मोकळेपणाने हसले. ‘ती तर हिला आधीपासूनच आहे ओ. घरात नुसतं डोकं खाते. ती सुटावी म्हणूनच तर कॉलेजात घातली.’

आणि ते मानसशास्त्राच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मला इतका संताप आला की समोरची टेबलंच उलटी करावीशी वाटली. मुलगी मात्र तिथेच उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘बाकीच्यांना सांगता तसं खोटं आमच्या पप्पांनापण सांगायचं ना!’