डिझेल खाणाऱ्यांची पंगत

जंतू सांभाळणाऱ्या माणसांचं आयुष्य कंटाळवाणं असणार, असं लोकांना वाटतं. आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये चार दिवस बसून बघा! किस्से इतके साचलेत की चहाच्या वेळी कुठला आधी सांगायचा यावरून भांडणं होतात.

सगळ्याच्या मुळाशी आमची स्नेहल. बंदरावर ट्रॉलरचं डिझेल सांडतं. तिथल्या चिखलातले बॅक्टेरिया ते खातात, हे दाखवलं की तिची पीएच.डी. होणार. पण बॅक्टेरिया पाण्यात आणि डिझेल वर तरंगणार! दोघांची गाठ घालायला साबणासारखं काहीतरी लागतं, ते तेलाचे बारीक थेंब करतं.

*

पहिल्यांदा स्नेहलने सढळ हाताने साबण घातला. डिझेलचे थेंब झकास झाले. बॅक्टेरिया मात्र सकाळपर्यंत सगळे मेले.

तिचे गाईड पाटणकर सर. त्यांनी फ्लास्क उजेडात धरला. "अगो, ताट घासायला सांगितलं होतं. जेवणाऱ्यांना कशाला घासलंस?"

*

मग सौम्य साबण आणला. फ्लास्क गढूळ, बॅक्टेरिया मजेत! स्नेहल दिवसभर गुणगुणत होती. टेस्ट केली तर डिझेल होतं तेवढंच. पठ्ठ्यांनी नुसता साबण खाल्ला होता.

"पंगतीत आधी जिलबी वाढलीस," सर म्हणाले, "आता भाताला कोण विचारतो?"

*

सावर्ड्याहून स्नेहलच्या आईचा रोज फोन. "जेवले काय गो तुझे?"

"नाय गो आई."

"मग तू तरी जेव!"

एके दिवशी हे ऐकून ती खरंच रडली. आम्हालाही फार वाईट वाटलं.

*

शेवटी रागाने तिने साबणच बंद केला. "खायचं तर डिझेल खा, नाहीतर राहा उपाशी!"

आणि काय सांगू, पोटाला चिमटा बसल्यावर त्यांनी स्वतःच साबण तयार केला! फ्लास्कभर फेस, आणि डिझेल झपाट्याने कमी. अशा वेळी थोडे बॅक्टेरिया आधी वेगळे काढून जपायचे असतात. पण आनंदाच्या भरात स्नेहल आम्हा सगळ्यांना घेऊन वडे आणायला खाली गेली.

वरच्या मजल्यावर पाणी नसलं की कॉमर्सचे सावंत सर जेवणाचा डबा धुवायला आमच्या नळावर येतात. आम्ही परतलो तर ते खुशीत उभे. हातात फेस लागलेला चकचकीत डबा. शेजारी तो फ्लास्कही धुऊन पालथा घातलेला.

"काय साबण आहे हो तुमचा! बांगड्याचं तेल एका हातासरशी गेलं. वास जरा डिझेलचा येतोय. थांबा, डबा खळखळून धुतो."

स्नेहलच्या हातातले वडे खाली पडले. तिने धावत जाऊन डबा हिसकावला आणि छातीशी धरला.

"सर, पाणी लावू नका! माझी पीएच.डी. आहे त्यात!"