रामलिंगाची आरोळी

समुद्र पाहायचा म्हणून मी जिंदगीत एकदाच कोकणात जाऊन आले. रात्रभर गाडीत हाडं खिळखिळी झाली, आणि पाणी बघावं तर खारट! जनावरसुद्धा तोंड लावायचं न्हाई. त्यापेक्षा शिरूर अनंतपाळच्या अलीकडं आमच्या धरणाचा काठ येऊन बघा. महादेवाच्या काळ्या दगडी देवळापासून वाट निघते. देवळासमोर लढाईत पडलेल्या शूरांचे वीरगळ उभे हायेत, त्यातला एक दारू पिल्यासारखा कललाय. पुढं काठाकाठानं गेलं की जुनी बारव, निम्मी पाण्यात, निम्मी वर. तिच्या डोक्यावर मातीची पडकी गढी, तिच्यात पोपटांचं बिऱ्हाड. चढ न्हाई, काटा न्हाई. माझ्यासारख्या गुडघे धरलेल्या बाईनंही गप्पा हाणत जावं, अशी सपाट वाट.

दिवाळीनंतर धरणाचं पाणी उतरलं की काठाची काळी जमीन उघडी पडते. तिला आम्ही गाळपेर म्हणतो. ओल्या गाळात हरभरा टाकून द्यायचा, बस. खत नको, पाणी नको. पाखरं तेवढी राखायची. आणि पाखरं राखावीत तर माझ्या धाकट्या दिरानं, रामलिंगानं.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे पोरगं ज्वारीत मचाणावर बसलेलं होतं. हातात गोफण. मी डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन बांधावर आले, तर त्यानं माझ्याच टोपलीवरून सणसणत दगड सोडला. म्हटलं, "मेल्या, नवी नवरी हाय मी!" तर वरून म्हणतो कसा, "तुमच्या मागं चिमण्या होत्या, वैनी." तेव्हापासून मी त्याला कधी अहोजाहो केलं न्हाई.

शाळेत त्याचं मन रमलं न्हाई, पण ज्वारी हुरड्यात आली की आसपासच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं. गोफण तर कुणीही फिरवंल, पण रामलिंगाची आरोळी कुठून आणणार? "हाऽऽऽ हुर्रर्याऽऽऽ!" बेंबीच्या देठापासून निघायची. धरणाच्या पल्याडच्या म्हशी कान टवकारायच्या. एकदा माझ्या भाचीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मांडवात दोन साळुंक्या तांदूळ टिपायला उतरल्या. झालं! हा बाबा आहेर हातात धरून उभा होता, तिथूनच त्यानं आरोळी ठोकली. बँडवाल्याचा ताल गेला, भटजी मंत्र विसरले, नवरदेव मटकन खाली बसला. वरमाय अजूनबी आम्हाला सरळ तोंडानं बोलत न्हाई.

त्याची बायको लवकर गेली. लेक ऋतुजा तेव्हा लहान होती, माझ्याच पदराला मोठी झाली. बापाची माया म्हणाल तर तीसुद्धा ओरडूनच. पोरगी शाळेतून येताना दिसली की हा शिवारातून विचारायचा, "जेवलीस काऽऽ?" पोरगी लाजून चूर. अख्ख्या गावाला ठाऊक, आज ऋतुजाच्या डब्यात काय होतं ते.

तीच ऋतुजा लातूरला शिकली, पुण्याला कंपनीत लागली आणि गेल्या दिवाळीला बॅग घेऊन परत आली. म्हणाली, "मोठी माय, मला इथंच काहीतरी करायचंय. शहरातल्या लोकांना आपल्या काठानं चालायला आणते."

मी हसले. "अगं, चालायला कोण येतं? बस चुकली म्हणजे माणूस चालतो!"

"येतात गं. त्यांना पाखरं बघायची असतात, जुने दगड बघायचे असतात, शांत वाटायला पाहिजे असतं. तू फक्त धपाटे कर." मग जरा थांबून म्हणाली, "संक्रांतीपर्यंत बघते. जमलं तर इथंच ऱ्हाते. न्हाई तर कंपनी परत बोलावून राहिली."

रामलिंग दारात बैलाचं दावं वळत बसला होता. लेक इथं राहणार म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. पोरगी पुण्याला गेल्यापासून त्या घरात एकटा माणूस, एका वक्ताचं करायचं आणि दोन वक्त खायचं. "जमंल!" तो ओरडला. "कसं जमत न्हाई!" गोठ्यातली गाय दचकून उठली.

पहिल्या रविवारी लातूरच्या शिल्पा मॅडम आल्या. कॉलेजात शिकवतात, आणि सुट्टीला टोळी घेऊन कुठं ना कुठं चालत असतात. ऋतुजा मला आधीच सांगून होती, "या बाईंना वाट आवडली तर दर रविवारी गाडी येईल. न्हाई आवडली तर माझं काही खरं न्हाई." वाट दाखवायला रामलिंग पुढं. धुतलेलं धोतर, नवी टोपी, मिशीला तेल. मी म्हटलं, "अरे, सोयरीक बघायला निघालास का?" तर नुसता गालात हसला.

सुरुवात लई झकास झाली. देऊळ पाहून लोक खूश, बारवेवर खंड्यानं मासा मारला तर टाळ्या वाजवायच्याच बाकी. मग आमच्या बांधाला लागून असलेल्या भागवतच्या गाळपेरीजवळ शिल्पा मॅडमनी हात वर केला. सगळे जागच्या जागी खाली बसले. भागवतच्या हरभऱ्यात राखी रंगाची मोठाली बदकं चरत होती, डोक्यावर दोन-दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतात म्हणे. मॅडम त्यांना पट्टकादंब म्हणतात, आम्ही चोर म्हणतो. एकेकानं दुर्बिणी काढल्या, कॅमेरे काढले, श्वास रोखले.

आणि रामलिंगानं पिकात पाखरं पाहिली.

"हाऽऽऽ हुर्रर्याऽऽऽ!"

अहो, काय राहतंय तिथं! बदकं गेली, बगळे गेले, गढीतले पोपट गेले, बांधावरचं कुत्रंसुद्धा गेलं. एका आजीबाईंची दुर्बीण चिखलात पडली. आणि रामलिंग कमरेवर हात ठेवून, काम फत्ते केल्याच्या थाटात मागं वळला. लोकांची तोंडं पाहिली तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. टोपी काढून हातात धरली बिचाऱ्यानं.

"काका," शिल्पा मॅडम म्हणाल्या, "आम्ही तीच बघायला आलो होतो." रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना ऋतुजाला म्हणाल्या, "संक्रांतीच्या आधीच्या रविवारी परत येते. पण पुन्हा असं झालं तर मला माणसं आणता येणार न्हाईत, बाळा."

घरी आल्यावर ऋतुजा चिखलाच्या चपला धुवत बसली. रामलिंग गोठ्यात जाऊन बसला. जेवायला बोलावलं तर म्हणतो, "भूक न्हाई, वैनी. हा घसाच कापून टाकावा वाटतोय."

मला असा राग आला म्हणता! "घसा कापून लेक ऱ्हाते का? ऊठ. तोंड बंद ठेवायला शीक. माझा नवरा शिकला, तुला काय धाड भरली?"

मग सुरू झाली त्याची शाळा. रोज सकाळी आमच्या हरभऱ्याच्या बांधावर जाऊन बसायचं आणि काही झालं तरी गप राहायचं. आमचं वावर सामाईक, त्याचं निम्मं, आमचं निम्मं. एरवी तिथं पाखरू फिरकायचं न्हाई; रामलिंगाच्या बापजाद्यांचा पत्ता पाखरांना पाठ होता. पहिल्या दिवशी त्यानं तोंडात सुपारी धरली. होल्यांची जोडी उतरली आणि सुपारी आरोळीसकट बाहेर पडली. मग उपरण्यानं तोंड बांधलं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारायचं, "रामलिंग, दाढ दुखून राहिली का?" शेवटी मी सांगितलं, पाण्याची गुळणी धर. ते जमलं. चिमण्या आल्या की गाल फुगवून, डोळे वटारून बसायचा. घामानं निथळायचा, पण गप. मी हसून हसून बेजार. पण मनातून वाटायचं, देवा, या माणसाचं एवढं एक काम कर रे.

संक्रांतीच्या आधीचा रविवार उजाडला. धुकं होतं, पाण्यावर नुसती साय धरल्यागत. शिल्पा मॅडमची टोळी आली, रामलिंग या बारीला सगळ्यात मागं. ऋतुजा भरभर चालत भागवतच्या गाळपेरीशी पोचली, आणि तिथं काहीच न्हाई. भागवत बदकांना वैतागला होता. आदल्या संध्याकाळी त्यानं सुतळी बॉम्ब लावले होते. त्याला तरी काय बोलावं, त्याचं पीक खाल्लं जात होतं. ऋतुजा त्या रिकाम्या रानाकडं बघत उभी राहिली. मी धपाट्याचं टोपलं घेऊन समोरून येत होते. तिचा चेहरा पाहिला आणि वाटलं, गेली पोरगी. बॅग भरायलाच घेतली समजा.

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला, आँक्-आँक् करत. धुक्यातून बदकांची रांग निघाली. एक घिरटी घातली, दुसरी घातली. कुठं जागा शांत हाय ते बघत होती जणू. आणि उतरली.

आमच्या हरभऱ्यात!

वीतभर वाढलेला, कोवळाकच्च हरभरा. घरची वर्षाची डाळ त्याच्यात, पुरण त्याच्यात, बेसन त्याच्यात. आणि ती बदकं अशी तुटून पडली, पट्टा अन् पट्टा साफ! माझं डोकं सणकलं. कसल्या मॅडम आणि कसलं काय! टोपलं खाली ठेवलं, ढेकूळ उचललं आणि तोंड उघडलं.

कुणीतरी माझं मनगट धरलं. रामलिंग होता. तोंडात गुळणी न्हाई, उपरणं न्हाई. जबडा थरथरत होता, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, डोळ्यांत पाणी. जन्मात ज्यानं चिमणीला दाणा टिपू दिला न्हाई, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं वावर चाललं होतं.

"सोड मला," मी म्हटलं. "अरे, आपलं पीक हाय ते!"

"हाव, वैनी," तो माझ्या कानाशी म्हणाला. "पण जेवून राहिलेत ते. ताटावरून उठवू न्हाई कुणाला."

माझ्या हातातलं ढेकूळ गळून पडलं. ज्या घरात सून म्हणून आले, तिथं दारी आलेल्या वैऱ्यालासुद्धा ताटावरून कुणी उठवलं न्हाई. मी बांधावर बसले आणि पदर तोंडाला लावून रडले, खरं सांगते. हरभऱ्यासाठी थोडी, त्याच्यासाठी जास्त.

उन्हं वर येईस्तोवर बदकं चरली. कुणी हललं न्हाई. शिल्पा मॅडम दुर्बीण न लावताच बघत होत्या, एवढी जवळ होती ती. सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं. एकट्या ऋतुजानं पाहिलं न्हाई; बापाचं बोलणं तिनं ऐकलं होतं. ती पाखरांकडं पाठ करून बापाकडं बघत होती, आणि तिचे ओठ रडणाऱ्या लेकरासारखे वाकडे झाले होते.

पोट भरल्यावर बदकं आपणहून उडाली. तेव्हा ती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "आबा, चला, आता तुम्ही जेवा."