एक्केचाळीस मिनिटांची फाइल

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. उलट लोकांना घाबरवण्यात माझा हात धरणारा आमच्या कन्हेरी गावात कुणी नव्हता. त्यापायी एकदा चिंचेवरून पडून दोन महिने प्लास्टरात काढलेत. त्यामुळं हे वाचून "सुरू झाला हा परत" असं ओळखीचे म्हणतीलच. म्हणू देत. माझी फजिती झाली ती मी झाकत नाही... पण फजितीच्या पलीकडं जे झालं, ते मला अजून उलगडलेलं नाही.

बारामतीत स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं आणि संजूचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, जुन्या कॅसेटी मोबाईलवर घेऊन देणं, असलं काम. एक कॉम्प्युटर काउंटरवर, एक आतल्या खोलीत. दोन्हींवर एक चिमुकलं अ‍ॅप आहे. उघडलं की आपल्या वायफायवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव एका गोलात दिसतं. फाइल उचलून त्या गोलावर सोडायची, पलीकडच्यानं "घ्या" दाबलं की गेली. इंटरनेटसुद्धा लागत नाही. नावं आपणच द्यायची. काउंटरवालं सारखं रुसायचं म्हणून ते "वहिनी", आतलं हळू चालायचं म्हणून "तात्या". आम्ही दोघं एकमेकांच्या नकळत ही नावं बदलून खोड्या काढायचो. हा चावटपणाच नडला.

इंदापूरकडच्या निरवांगीहून एक दिवस हौसाआक्का आल्या. सत्तरीच्या. पदरात गुंडाळलेली कॅसेट. त्यांचे मालक, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मेंढरं राखायचे तेव्हा ओव्या गायचे. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, गाणं थांबलं. कुणीतरी कधीकाळी भरून दिलेली ही एवढी एकच कॅसेट उरलेली. आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"वर्षसराद हाय बाळा, त्या दिवशी लावायची," आक्का म्हणाल्या. "घरचा टेप बंद पडून लई वर्सं झाली. मला यकदा त्यांचा आवाज ऐकायचाय."

"आक्का, अख्खी निरवांगी ऐकंल. तुमी निवांत ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेट स्पीकरवर लावून आतल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. एक्केचाळीस मिनिटं भरली. संपता संपता माझ्या जुनाट डेकनं टेप अशी चावली की शेवयाच बाहेर आल्या. मी कात्रीनं त्या कापून काढल्या आणि हसत संजूला ओरडलो, "फाइल झालीय रे, आता कॅसेट कशाला पायजे!" सगळा गुंता डब्यात टाकला. दुपारी घंटागाडी आली, घेऊन गेली.

आणखी एक पराक्रम सांगायचा राहिला. आतल्या कॉम्प्युटरची जागा भरत आली होती, म्हणून अ‍ॅपमध्ये "पाठवून झाल्यावर इथली फाइल काढून टाका" यावर आठवड्यापूर्वी मीच टिक केली होती. साफ विसरलो.

चारच्या सुमाराला ती फाइल काउंटरवर पाठवायला अ‍ॅप उघडलं. एकच गोल दिसला. नाव — "आबा".

मला हसूच आलं. सकाळभर आबांच्या ओव्या ऐकून संज्यानं वहिनीचा आबा केला, दुसरं काय! फाइल सोडली. पलीकडून लगेच घेतली गेली. मात्र पट्टी सरकेना. एरवी एवढीशी फाइल पापणी लवायच्या आत जाते. ही मुंगीच्या पावलानं चाललेली. मी आतच चहा मागवला, एक पत्रिका जुळवली, वधूच्या मामांची नावं दोनदा टाकली, ती खोडली... शेवटी "पूर्ण" असं आलं. खाली लागलेला वेळ दिसत होता. एक्केचाळीस मिनिटं.

बाहेर येऊन म्हटलं, "काय आबा, मिळाली का?"

संजू स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला. काउंटरचा कॉम्प्युटर पोट उघडून टेबलावर आडवा.

"कोण आबा? दुपारपासनं ह्याचा पंखा साफ करतोय. वायर बी काढून ठेवलीय, बघ की."

मी आत पळालो. फाइल गेलेली. आणि तो गोलही.

मग गल्लीत एकेका दुकानात शिरून विचारत सुटलो, "तुमच्याकडं आबा आहे का?" शेजारच्या शिंपीकाकांनी कात्री थांबवली. "हाय की. पर ते लेकीकडं गेल्यात, भिगवणला. काय काम हुतं?"

वायफायच्या राउटरवर जोडलेल्यांच्या यादीत आतला कॉम्प्युटर आणि आमचे दोन मोबाईल, बास. पुसलेलं परत आणणारा प्रोग्रॅम दोन दिवस चालवला. मोडलेल्या लग्नाची पत्रिका परत आली, संजूचे मिशीतले फोटो आले. ही फाइल तेवढी आली नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी गाडीवर निरवांगी गाठली. वाटेत दहा थापा जुळवल्या होत्या. आक्का दारातच बसलेल्या, स्पीकरवाल्याला सांगून झालं होतं. त्यांच्यासमोर एकही थाप तोंडातून निघेना. सगळं खरं सांगून टाकलं, अगदी त्या एक्केचाळीस मिनिटांसकट.

वाटलं, आता शिव्या बसणार. आक्कांनी भलतंच विचारलं.

"मधीच उठलं न्हाईत?"

"कोण आक्का?"

"मालक. समदं ऐकलं म्हणतूस न्हवं?"

"एक्केचाळीस मिनिटं लागली खरी," मी म्हटलं.

"त्यास्नी पोचलं, ब्येस झालं," त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "पर मला कवा ऐकू यायचं रं?"

दुसऱ्या दिवशी स्पीकर तसाच परत गेला.

जाणकारांना विचारलं. एक म्हणाला, शेजारचा कुणीतरी जोडला गेला असेल. दुसरा म्हणाला, जुनं नाव कुठंतरी अडकून राहिलं असेल. असेल बाबा. पण एक्केचाळीस मिनिटांचं काय, ते कुणीच सांगत नाही. त्यानंतर एकदाच, भरदुपारी, तो गोल परत दिसला. अ‍ॅपवरून फाइलीसारखा निरोपही पाठवता येतो, तो टाकला — "आबा, आक्कांना एकदा ऐकायचंय. परत पाठवा." पोचल्याची खूण आली. उत्तर नाही.

आक्का आता दर गुरुवारी बाजाराच्या निमित्तानं एसटीनं येतात. स्टुलावर टेकतात. "आलं का?" मी अ‍ॅप उघडून दाखवतो. त्यांना वाचता येत नाही, तरी पडद्याकडं बघत बसतात. "न्हाय आलं, आक्का." "बरं. फुडल्या गुरवारी बघू."

माझ्याकडं याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. नाही सुचलं तरी चालेल, निदान आक्कांना काय सांगू तेवढं सांगा.

उद्या गुरुवार आहे.