चिंचेनं घासलेली शिवराई

मी नाणी जमवते, हे आमच्या कऱ्हाटीत अजून कुणाला धड पटलेलं नाही. बायकांनी सोनं जमवावं. मी बारामतीच्या भंगारवाल्याकडून गंजके पैसे आणते. जुन्या पैशांचं कोडं मात्र मला पुस्तकांच्या आधी सासूबाईंनी सोडवून दिलं. त्यांना मी आत्या म्हणते. मेथी निवडता निवडता त्या सांगायच्या, "तीन पैचा पैसा, चार पैशाचा आणा, सोळा आण्याचा रुपया. शंभर पैशाचं खूळ सरकारनं मागनं काढलं. नवं पैसं आलं तवा वाणी बी बोटं मोजत बसायचा."

माझ्या अल्बममधलं सगळ्यात लाडकं नाणं म्हणजे शिवराई, मराठेशाहीतला तांब्याचा पैसा. माझं माहेर पळसदेवचं. जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. एका उन्हाळ्यात पाणी फार आटलं, तेव्हा वडील आमच्या जुन्या घराच्या जागेवर जाऊन आले आणि तिथल्या गाळात सापडलेली ही शिवराई त्यांनी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "आपल्या घरातलं एवढंच घावलं. जप." पुढच्या वर्षी ते गेले. शिवराई काळीकुट्ट होती, कडेला हिरवट, आणि अक्षरांच्या खाचांत गाळ तसाच होता. मी ती कधी फडक्यानंसुद्धा पुसली नाही.

गेल्या दिवाळीत मी बाजाराला गेले होते. परत येऊन बघते तर ओट्यावर ओल्या फडक्यावर माझी सगळी तांब्याची नाणी झगझगत मांडलेली. शेजारी देवाचे टाक, आणि आत्यांची बोटं चिंचेत.

"बघ कशी उजळली! लक्ष्मीपूजनाला आसली काळी ठिवायची व्हय?"

माझा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर. शिवराई हातात घेतली, तर ती कालच पाडल्यासारखी लालभडक. गाळाचा कणही उरला नव्हता.

"आत्या, माझ्या बापाचं गाव धुऊन टाकलंत तुमी!"

त्या पदराला हात पुसून आत गेल्या. पूजा झाली, पाडवा झाला, आणि मी ताठच राहिले. त्याची आज लाज वाटते.

भाऊबीजेच्या दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. कनवटीची चिंधी सोडली. आत मधोमध भोक पडलेला एक काळा पैसा होता, कुजक्या काळ्या दोऱ्यात ओवलेला.

"ह्यो घासल्याला न्हाय. ठिव तुझ्याकडं."

मी सवयीनं पैसा उलटसुलट करून पाहिला. "दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला हाय, आत्या. तांब्याची टंचाई होती, म्हणून भोक पाडून काढायचे."

"आसंल. आमी त्यात पोरांचा करदोडा ओवायचो." त्यांनी दोऱ्यावरून बोट फिरवलं. "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक लेक झाली हुती. सात म्हैन्यांची गेली. दर दिवाळीला घरातलं सगळं घासते मी, पर ह्याला कधी पाणी लावलं न्हाय. तिच्या अंगाचं लागलंय त्याला." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं बी तसंच हाय, हे मला ठावं न्हवतं गं."

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, त्या लेकीबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून रडले. त्या हाताला अजून चिंचेचा वास होता.

अल्बमच्या एकाच पानावर मी दोन्ही नाणी लावली, लालभडक शिवराई आणि तिच्याशेजारी तो काळा पैसा. प्रत्येक नाण्याखालच्या चिठ्ठीवर मी साल आणि टांकसाळ लिहिते. या वेळी पेन घेतलं आणि विचारलं, "नाव ठेवलं होतं का तिचं?"

त्यांनी हळूच सांगितलं. मी चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं.

आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि ते नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.