सोजरामावशींची दोरी आणि तारांकित प्रश्न

चिखलीतल्या आमच्या शाळेत सोजराबाई सेविका आहेत. पण त्यांना सोजराबाई म्हणणारं माणूस एकच, मुख्याध्यापक. बाकी सगळ्यांच्या त्या मावशी. गाव बीडकडचं, इथे येऊन तीस वर्षं झाली तरी जीभ तिकडचीच. "लेकरांनो, गाठ सोडायची न्हाई" हे त्यांचं वाक्य मी, वर्गातला नकल्या, एकदा फाटकामागून त्यांच्या आवाजात म्हटलं, तर पहिलीची सगळी पोरं ओळीत येऊन उभी राहिली.

गाठ म्हणजे दोरीची. कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी, हातभर अंतरावर एकेक गाठ, प्रत्येक पोराला एक. शाळा सुटते त्याच वेळी कंपन्यांची दुसरी शिफ्ट भरते आणि समोरच्या रस्त्यावरून चाकणकडे बस आणि कंटेनर सुसाट निघतात. दोरीचं पुढचं टोक मावशींच्या हातात, मागचं नागरिकशास्त्राच्या साधनाबाईंच्या. नियम असा, की मागून झटका आला की पुढच्यानं पाऊल टाकायचं नाही. दोरी आल्यापासून सतरा वर्षांत एकही पोर खरचटलं नाही.

पण मार्चअखेर मावशी निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी दुसरं कुणी येणार नाही, हे गेल्या पावसाळ्यात कळलं. त्याआधी रस्त्यावर गतिरोधक आणि पांढरे पट्टे व्हायलाच हवेत, असं मावशींनी मनावर घेतलं.

महापालिकेत सांगितलं गेलं, रस्ता आमचा नाही, राज्य सरकारचा. राज्याच्या बांधकाम कार्यालयात कळलं, अर्ज विचाराधीन आहे. मग मावशींनी तेच केलं जे आमच्याकडे सगळेच करतात. गटार तुंबलं, कॉलेजात प्रवेश अडला, की आमदाराचं ऑफिस. तिथे जाऊन त्यांनी एक डंपर डांबर मागितलं.

आमदारांचा सहायक सुजित ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकलेला. तो हसून म्हणाला, "मावशी, साहेबांकडं डांबर नसतंय. साहेबांकडं प्रश्न असतोय."

"प्रश्न तर मपल्याकडंबी हाय की," मावशी म्हणाल्या.

सुजितनं चहा मागवला आणि समजावून सांगितलं. आपण राज्यातून दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदार विधानसभेत पाठवतो. त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा पाठिंबा ज्यांना, त्यांचं सरकार. मुख्यमंत्री, मंत्री, प्रत्येकाकडे वेगळी खाती. रस्त्याचं काम खात्यानं करायचं, आमदारानं नाही. पण आमदार कुठल्याही पक्षाचा असो, मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायला लावू शकतो. त्यातला तारांकित प्रश्न आधी लेखी द्यायचा, अध्यक्षांनी तो मान्य करायचा आणि मंत्र्यानं उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. त्यावर लगेच उपप्रश्नही विचारता येतो.

"मग त्या उपप्रश्नात तारीख घ्या," मावशी म्हणाल्या. "मार्चच्या आधीची."

प्रश्नाची भाषा त्यांना फार आवडली. अमुक अमुक हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? पुढचा आठवडाभर त्या पाचवीच्या वर्गाबाहेर उभ्या राहून विचारायच्या, "गणराज, डबा संपला, हे खरं हाय का? नसल्यास, विलंबाची कारणं काय?"

मंत्र्याला उत्तर द्यायचं म्हणजे खात्याला माहिती हवी, म्हणून नोव्हेंबरात एक अभियंता जीपमधून पाहणीला आले. आले सकाळी अकराला. रस्त्यावर दोन सायकली आणि एक म्हैस. फाइलमध्ये त्यांनी मोठ्यानं म्हणत लिहिलं, वर्दळ मर्यादित आहे. फाटकावरून मावशींनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हेच वाक्य मंत्री वाचणार, आणि मार्च तसाच निघून जाणार.

त्यांनी भांडण केलं नाही. साहेब, शाळा सुटताना एकदा या, एवढंच म्हणाल्या. साहेब म्हणाले, उत्तर आजच पाठवायचंय. "मग पाठवायच्या आधी या," मावशी म्हणाल्या.

ते आले, जरा वैतागूनच. मावशींनी साधनाबाईंच्या हातातलं मागचं टोक काढून त्यांच्या हातात दिलं. अर्ध्या रस्त्यात असताना एक कंटेनर ब्रेक न दाबता वळणावरून आला. साहेबांनी असा झटका दिला, की दोरीवरची बावीस पोरं जागच्या जागी थांबली. पलीकडे पोचल्यावर त्यांनी बॉनेटवर फाइल ठेवली आणि सकाळची ओळ खोडली.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आमचा प्रश्न लागला. साधनाबाईंनी थेट प्रक्षेपण वर्गातल्या पडद्यावर लावलं. मंत्री नाकातून, एका श्वासात म्हणाले, "होय, हे खरे आहे." आमदारांनी उपप्रश्नात तारीख मागितली. मंत्र्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडे बघितलं, चिठ्ठी घेतली आणि म्हणाले, फेब्रुवारीअखेर.

साधनाबाई मग फळ्यावर कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ असं लिहायला लागल्या. आमच्या माना डुलायला लागल्या तेव्हा मावशींनी कोपऱ्यातली दोरी उचलली. "हे बगा. पुढचं टोक सरकार, ते चालतंय. मागचं टोक विधानसभा, ती बगतीय. पुढच्यानं मागचं ऐकलं न्हाई, तर मागचे पुढचं टोक दुसऱ्याच्या हातात देतेत." साधनाबाईंनी खडू खाली ठेवला.

फेब्रुवारीच्या तेवीस तारखेला गतिरोधक झाले, पट्टे झाले. त्या दुपारी मावशी दोरीशिवाय आल्या. पोरं सवयीनं ओळीत उभी राहिली, मुठी वळलेल्या, मुठीत काही नाही. एक कंटेनर आला, गतिरोधकावर उचकी लागल्यासारखा आदळला आणि पट्ट्यांच्या अलीकडे थांबला. ड्रायव्हरनं हातानं चला म्हटलं. मावशी हलल्या नाहीत. त्याच्याकडे, चाकांकडे, पट्ट्यांकडे बघून घेतलं.

मग नाकातून, एका श्वासात म्हणाल्या, "होय, हे खरे आहे."

मंत्र्यांचा आवाज मी महिनाभर घोटत होतो. माझा इतका जमला नव्हता.