काकूंच्या स्लॅबवरचं माझं डोकं

चहा संपेपर्यंत हसायचं नाही, या अटीवर सांगते. कारण तेव्हा मी स्वतः अजिबात हसत नव्हते. फार गंभीर मुलगी होते मी.

बंगळुरातलं शिक्षण आणि तिथलीच नोकरी सोडून मी पिपरी मेघेला घरी परतले, ते मातीकामाचा वर्ग काढायला. आपल्या लोकांनी आपल्या मातीत स्वतःचा चेहरा घडवावा, स्वतःकडे न घाबरता पाहावं! मला तरी ते येत होतं का? शिकत होते.

बाबा निवृत्त शिक्षक. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तुझ्या मातीसाठी एक माणूस जरी या दारात आला, तर मी नोकरीचं नाव काढणार नाही. नाहीतर उन्हाळा सरला की परत जायचं."

मग काय, आरसा समोर ठेवला आणि स्वतःचंच डोकं करायला घेतलं. गोडगोड हसरा चेहरा करायचा नाही, हे ठरलेलं. कला म्हणजे सत्य! आरशात टक लावून बघताना डोळे वटारले जायचे, ते तसेच मातीत उतरले. तडकू नये म्हणून डोकं आतून पोकळ केलं, तरी आपल्या वर्ध्याच्या उन्हाने नाकापासून हनुवटीपर्यंत भेग पाडलीच. मी ती बुजवली नाही. भेगही सत्यच की.

कुंपणाच्या भिंतीवर ते सुकत होतं, तेव्हा शेजारच्या काकू थबकल्या. त्यांच्या घराचा वरचा मजला बांधणं चालू होतं.

"हे तू केलं वं?"

"हो. ओळखलंत?"

"न ओळखाले काय झालं? असंच तर मी कधीची शोधून राह्यली. देतं का? वरती लावतो. येणाऱ्याजाणाऱ्याले पयले हेच दिसलं पाह्यजे."

माझा ऊर भरून आला. कला दालनातून निघून लोकांत आली पाहिजे, यावर मी त्यांना उभ्या उभ्या एक भाषण दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं.

"ते सारं ठीक आहे माय. पण डोळ्याले हात नको लावजो."

डोकं त्यांच्या हवाली करून घरात आले आणि बाबांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "शेजारीण धरायची नाही."

दुसऱ्या दिवशी बघते, तर माझं डोकं काकूंच्या स्लॅबवरच्या सळईवर खोचलेलं! कपाळभर काजळ, ओठांतून लोंबणारी लाल चिंधीची जीभ, खाली लिंबू-मिरची आणि एक फाटकी चप्पल. बांधकामाला नजर लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड लावतात ना? तेच.

काकू खालून समाधानाने बघत होत्या. कोणत्या तोंडाने सांगणार, की काकू, ती मी आहे?

त्या आठवड्यात एक ठेकेदार आमच्या फाटकाशी आला. बाबांना विचारू लागला, "सर, त्या स्लॅबवरचं तोंड इथंच भेटते का? आपल्या अजून दोन साइट चालू आहेत."

बाबांचा शब्द तो शब्द. पेपराची घडी घालून ते मला म्हणाले, "जा, तुझ्या मातीसाठी माणूस आलाय."

मी पुढे झाले. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं, मग वर स्लॅबकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तो हसला नाही. उलट आवाज खाली आणून, अगदी आदराने म्हणाला,

"ताई, साचा घरचाच दिसते."